एक साइज मोठा मीटर

आमच्या घरात नेमक्या मापाची वस्तू कधी आलीच नाही. मुलाचा शाळेचा स्वेटर घ्यायला गेले की दुकानदाराला मी आधीच सांगायचे, एक साइज मोठा काढा, वाढत्या अंगाचा. बूट घेतले की पुढे कापूस. घरात माणसं तीन आणि कुकर सात लिटरचा. आमचे हे म्हणायचे, हिला पेला आणायला पाठवलं तर बादली घेऊन येईल. मला राग यायचा, पण मी बादलीच आणायचे.

नोकरीतही तेच वळण. इथल्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात मी तीस वर्षं मीटर तपासायच्या लॅबमध्ये काढली. हवेचे, पाण्याचे, वाफेचे मीटर यायचे, ते खरं बोलतात की खोटं हे बघायचं आणि सही करायची. तिथे सगळंच एक नंबर वरचं घ्यायची रीत. केबल एक नंबर जाड, मोटर एक नंबर मोठी. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, मार्जिन ठेवलंय. कारखान्याजवळच्या अवधपुरीत आम्ही कारखान्यातल्या लोकांनी जी घरं बांधली, त्यांच्या छताला पंख्याचे हूक असे आहेत की हत्ती टांगावा.

पण लॅबचा आणखी एक नियम होता आणि तो मीच नव्यांना पहिल्या दिवशी सांगायचे. काटा डायलच्या पहिल्या एक तृतीयांश हिश्श्यात असेल तर ते रीडिंग खरं धरायचं नाही. मीटर जितका मोठा, तितका तो थोड्या हवेला आंधळा. तीस वर्षं मी हे घसा कोरडा करून सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय देवाने माझ्यासाठी ठेवलीच नाही.

मुलगा तिशीचा. सरकारी वीज खात्यात इंजिनीअर आहे, लग्न करायचं नाव काढत नाही आणि सुट्टीचा दिवस गाडीखाली आडवा पडून घालवतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुना पिकअप ट्रक घेतला, पेट्रोलचा, कुणीतरी हौसेने बाहेरून आणलेला आणि मग कंटाळून विकलेला. शहरात कोलार रोडवर त्याच्या ओळखीचा मेकॅनिक आहे. त्या दोघांनी मिळून त्या इंजिनावर सुपरचार्जर बसवला. म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक दांडगा पंखा, जो आत हवा कोंबतो. जास्त हवा, त्याला जास्त पेट्रोल आणि मग जास्त ताकद. ह्यांनी तेव्हाच कपाळावर आठ्या घातल्या होत्या. हे मूळचे ग्वाल्हेरचे, सरकारी कचेरीत फायलींवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे चालत्या वस्तूला हात लावू नये असं त्यांचं ठाम मत.

मग मीटरचा प्रश्न आला आणि मी त्यात नाक खुपसलं. खरं सांगायचं तर मुलानेच विचारलं होतं. इंजिनात हवा जाते त्या पाइपात एक मीटर असतो. त्यात एक तापलेली तार असते, हवेने ती किती गार होते त्यावरून हवा किती गेली ते कळतं आणि गाडीचा कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो. ट्रकचा मूळ मीटर सुपरचार्जरच्या हवेला पुरत नव्हता. एका हद्दीनंतर तो तोच आकडा धरून बसायचा, हवा वाढली तरी कॉम्प्युटरला पत्ता नाही, पेट्रोल कमी पडून इंजिन भाजायचं. मोठा मीटर हवा होता. किती मोठा, एवढाच सवाल होता.

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर त्याने वही पसरली. इंजिन केवढं, जास्तीत जास्त किती फिरणार, सुपरचार्जर किती दाब देणार, सगळं मांडून त्याने हवेचा आकडा काढला होता. माझ्याच हाताखाली शिकल्यासारखा स्वच्छ हिशेब. त्याला मधल्या मापाचा मीटर हवा होता, कारण पुरा जोर लावला तरी त्या मीटरची वरची थोडी जागा शिल्लक राहत होती. मी वही ओढली. हिवाळ्यात हवा जड असते, त्याचे थोडे वाढवले. उद्या सुपरचार्जरची पुली बदलून दाब वाढवलास तर, म्हणून आणखी थोडे वाढवले. आणि वर माझं नेहमीचं मार्जिन. मग म्हटलं, एक साइज मोठा घे.

तो म्हणाला, "आई, कमी हवेला तो काही सांगणार नाही. तूच तर सांगायचीस."

मी म्हटलं, "अरे, पुढे वाढवशील तेव्हा? वाढत्या अंगाचा असू दे."

तो हसला. टेबलापलीकडे हेही हसले, म्हणाले, घे बाबा, तुझ्या आईची बादली आली. आणि त्याने मोठा घेतला. तिशीचा मुलगा, शिकलेला, हिशेब बरोबर असलेला, पण आईने तीस वर्षं मीटर तपासलेत म्हटल्यावर तो काय बोलणार! तिथेच माझं चुकलं. नंतर त्याने एकदा सांगितलंही की गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, सिग्नलला दोनदा बंद पडलं. मी पोळ्या लाटत होते. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, म्हटलं, नवीन आहे, बसेल जागेवर.

पुढच्याच रविवारी हे पहिल्यांदा त्या ट्रकमध्ये बसायला तयार झाले. इतके महिने नाकं मुरडून झाल्यावर त्या दिवशी स्वतःच म्हणाले, चल, धरणापर्यंत नेऊन आण, बघू काय दिवे लावलेस ते. मी घरीच होते. निघताना दोघं कशावरून तरी हसत होते.

धरणाच्या रस्त्याला एका छोट्या पुलाला लागून चढ आहे. पुढे गायी आडव्या आल्या. मुलाने वेग अगदी कमी केला, पाय उचलला आणि इंजिन बंद पडलं. त्याने ब्रेक दाबला, किल्ली फिरवली, इंजिन थोडं चालून पुन्हा बंद. इंजिन बंद असलं की ब्रेकची मदत एक-दोनदा पुरते, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं होतं. हँडब्रेकने क्षणभर धरलं आणि सोडलं. ट्रक मागे घरंगळला, मागचं चाक पुलाच्या कडेवरून खाली गेलं आणि गाडी ह्यांच्या बाजूवर कलंडली. मुलाला खरचटलं. ह्यांचा खुबा मोडला.

सत्तरीला आलेल्या माणसाचा खुबा म्हणजे काय ते ज्याने घरात बघितलंय त्यालाच कळेल. ऑपरेशन झालं, आत सळई गेली. घरी आणलं तेव्हा जो माणूस रोज सकाळी पलीकडच्या कॉलनीत मित्राकडे चालत जाऊन यायचा, त्याला कुशीवर वळायला माझा हात लागत होता. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण घाबरले तर नाही चालणार. आणि हे घाबरले होते. उभं राहताना माझं मनगट असं धरायचे की बोटांचे वळ उठायचे. दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू द्यायचे नाहीत. फिजिओथेरपीवाली यायची, तर तिच्या आधारानेही नाही, मी शेजारी हवी.

मुलाशी त्यांनी बोलणं टाकलं. पहिल्याच दिवशी दवाखान्यात तो उशी नीट करायला वाकला, तर हे म्हणाले, "हात लावू नकोस. तुझ्या हातचं बघितलं मी." त्यानंतर घरात फक्त 'त्याला सांग' सुरू झालं. त्याला सांग जेवून घे. त्याला सांग टीव्हीचा आवाज कमी कर. तो चार फुटांवर उभा असायचा आणि मी मधे निरोप पोचवायचे. ग्वाल्हेरहून नणंदेचा फोन यायचा, तीही त्यालाच घ्यायला लावायची आणि फैलावर घ्यायची, बापाच्या जिवावर उठलास का म्हणून. तो हो आत्या, चुकलं आत्या म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

एकदाही माझं नाव घेतलं नाही हो त्याने. एकदाही! पोलिसांना, डॉक्टरांना, बापाला, आत्याला, सगळ्यांना एकच, माझ्याकडून गाडी बंद पडली. ह्यांना त्या दुपारची बादली आठवत होती की नाही कोण जाणे. त्यांच्या लेखी ती टेबलावरची थट्टा होती, मीटर आणि खुबा यांचा संबंध त्यांना कुठून कळणार. तो कळणारी माणसं घरात दोनच, एक बोलत नव्हता आणि दुसरी मी.

मी का बोलले नाही? मी मनाला सांगत होते की आधी खात्री करू. प्लग खराब असेल, नळीला चीर असेल, हवा भलतीकडूनच शिरत असेल. देवासमोर दिवा लावताना मी चक्क नळीला चीर असू दे म्हणून हात जोडलेत. असली मागणी कुणी कधी देवाकडे केली असेल का?

दोन महिने झाले तेव्हा मुलाने सांगितलं की त्याने बदलीचा अर्ज दिलाय, लांब रीव्याकडे, पुढच्या सोमवारी निघतो. ट्रक विकून टाक म्हणाला मेकॅनिकला. आणि पुन्हा गाडीला हात लावणार नाही म्हणाला. ते त्याने अगदी शांतपणे सांगितलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, त्याला सांग, जा म्हणावं.

त्या दिवशी मी रिक्षा करून कोलार रोडला गेले. ट्रक एका कोपऱ्यात चेपलेल्या अंगाने उभा होता, पण इंजिन शाबूत होतं. मेकॅनिकला म्हटलं, सुरू कर. त्याने लॅपटॉप जोडला आणि मी आकड्यांसमोर स्टूल घेऊन बसले. आधी सगळ्या नळ्या बघितल्या, क्लॅम्प बघितले, प्लग काढायला लावले. कुठे काही नाही. नळ्या तर मुलाने इतक्या नीट बसवल्या होत्या, मीटरच्या आधी सरळ पाइपही सोडला होता, मी शिकवलेला तेवढाच. इंजिन हळू चालत होतं आणि मीटरचा आकडा वर-खाली उड्या मारत होता. थोडं पेट्रोल जास्त, मग कमी, मग इंजिनाला उचकी आणि बंद. तीनदा केलं, तीनदा बंद.

मग म्हटलं, मधल्या मापाचा मीटर आहे का कुठे? दुसऱ्या एका गाडीचा होता, तो त्याने लावला. प्रत्येक मीटरसाठी कॉम्प्युटरला वेगळे आकडे भरावे लागतात, मला वाटलं आता ते करत बसावं लागणार. मेकॅनिक म्हणाला, फाईल तयार आहे. मुलाने ती पहिल्याच दिवशी करून ठेवली होती, माझ्या मोठ्या मीटरची फाईल नंतरची. "आंटीजी, भैया तो यही लगाना चाहते थे," तो म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. आकडा एका जागी. मी पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले, मनात म्हणत होते बंद पड रे बाबा, आता तरी बंद पड. नाही पडलं. मी तिथेच त्या ऑइलच्या वासात पदर तोंडाला लावून रडले. मेकॅनिकला वाटलं, गाडी सुधारली म्हणून आंटीला आनंद झाला, त्याने चहा मागवला.

मोठा मीटर मी पिशवीत घालून घरी आणला.

आमच्या लॅबमध्ये एक लाल चिठ्ठी असायची. मीटर खोटा निघाला की त्याच्या गळ्यात ती दोऱ्याने बांधायची. वस्तू काय, दोष काय आणि शेवटचा रकाना, पास कुणी केलं. तो रकाना कुणाला भरायला आवडत नसे. लोक 'लॅब' असं लिहून सुटायला बघायचे आणि मी चिठ्ठी परत फेकायचे. लॅबला हात नसतात, म्हणायचे, सही तुझ्या हाताने केलीस ना, मग नाव घाल. एका वयाने मोठ्या माणसाला मी सगळ्यांसमोर नाव घालायला लावलं होतं आणि त्याचा मला तेव्हा केवढा तोरा! रिटायर होताना त्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मी घरी आणला. आता त्या लोणच्याच्या बरण्यांना बांधलेल्या असतात, कैरी, लिंबू, मिरची.

गठ्ठ्यातली एक घेतली. छापील रकाने हिंदीत, मी भरलं मराठीत. वस्तू, ट्रकचा हवेचा मीटर. दोष, गरजेपेक्षा एक साइज मोठा, कमी हवेला रीडिंग खोटं, त्यामुळे इंजिन बंद पडतं. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं आणि परत खाली ठेवलं. स्वयंपाकघरात उभी राहून मी चहा केला, तो गाळला, कप विसळले, मग येऊन माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

शनिवारची सकाळ होती, मुलगा आत कपडे भरत होता. हे व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. त्यांच्यासमोरच्या स्टुलावर मी मीटर ठेवला, चिठ्ठी वर करून. म्हटलं, अहो, वाचा. त्यांनी चष्मा लावला. फायलींवर आयुष्य गेलेला माणूस, त्याने ती एवढीशी चिठ्ठी दोनदा वाचली, मागची कोरी बाजूही बघितली.

"म्हणजे ती बादली," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. त्याचा हिशेब बरोबर होता, मीच बदलायला लावला, थरथरतंय असं त्याने सांगितलं तेही मी ऐकलं नाही, सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

"त्याला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनी मला 'त्याला सांग' म्हटलं नाही. स्वतःच मोठ्याने मुलाला हाक मारली, त्याच्या लहानपणीच्या नावाने. तो धावत आला, त्याला वाटलं पडले. ह्यांनी हात पुढे केला, म्हणाले, "चल, फाटकापर्यंत ने मला." मुलाने त्यांना उठवलं. एक हात खांद्याखाली, एक मनगटाला, आणि हे त्याला रेलून फाटकापर्यंत गेले, तिथे थांबले, काहीतरी बोलले आणि परत आले. फाटकाशी काय बोलले ते मला दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. मुलाचे डोळे लाल होते.

मला वाटलं, सुटले. दोन महिन्यांचं ओझं उतरलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळायला घेतली. मागोमाग मुलगा आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. मी म्हटलं, अरे, तू का नाही बोललास, दोन महिने शिव्या का खाल्ल्यास? मला वाटलं होतं, म्हणेल, तू आई आहेस म्हणून.

तो म्हणाला, "त्यांना उठवणारं, बसवणारं कोण आहे, आई? तूच ना. माझ्यावर रागावले तर काय बिघडत होतं? पण तुझ्या हातावरचा विश्वास गेला असता तर ते उभे कशाच्या आधाराने राहिले असते?"

मी कणकेतून हात काढला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांना सह्या करायला लावल्या आणि एवढा साधा हिशेब मला सुचला नव्हता. मी फक्त माझं ओझं बघितलं, त्याने त्यांच्या पायांचं बघितलं होतं. त्याचं माप याही वेळी बरोबर होतं.

मुलाने बदली पुढे ढकलली आहे, ट्रकही विकला नाही. सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर तो त्यांना चालवतो. दोघं गेटबाहेर कोपऱ्यापर्यंत जातात, ट्रकबद्दल बोलतात, मधल्या मापाचा मीटर लावून तो आता नीट चालतो असं माझ्या कानावर येतं. हे माझ्याशी चांगले बोलतात. रागावले नाहीत, एक शब्दही टाकून बोलले नाहीत. चहात साखर कमी आहे म्हणतात, भाजी छान झाली म्हणतात.

फक्त दुपारी, मुलगा ऑफिसात असतो तेव्हा, त्यांना बाथरूमला जायचं असतं. मी खुर्चीपाशी जाते आणि पूर्वीसारखा हात पुढे करते. ते माझ्या हाताकडे बघतात. मग म्हणतात, राहू दे, तू दमलीस, आणि वॉकर ओढून दोन्ही हातांनी तो धरतात. उठताना त्यांचे पाय लटपटतात, चेहरा घामाने भरतो. मी हात तसाच धरून त्यांच्या मागे मागे दारापर्यंत जाते.